फाटे फुटणाऱ्या गोष्टी : ‘आता तू काय करशील?’ असं विचारणाऱ्या पुस्तकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कुठली पुस्तकं?

गोष्ट चालू असते, आणि मधेच पानाच्या तळाशी दोन ओळी येतात. गुहेत शिरायचं असेल तर पान ३४ उघडा, मागे फिरायचं असेल तर पान ५१. तुम्ही ठरवता आणि पानं उलटता. पुढची गोष्ट त्यावर अवलंबून असते. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचलं तर काहीही कळत नाही, कारण पानं मुद्दाम उलटसुलट लावलेली असतात.

इंग्रजीत यांना गेमबुक म्हणतात आणि हा शब्द आता मराठीतही चालतो. मला मात्र ‘फाट्यांची गोष्ट’ जास्त आवडतं. एसटी फाट्यावर उतरवते, गाव कुठल्या बाजूला ते आपण बघायचं.

पहिलं पुस्तक कोणतं?

आजवर सापडलेल्यांत सगळ्यात जुनं पूर्ण लांबीचं पुस्तक म्हणून १९३० साली न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या ‘कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस!’चं नाव घेतलं जातं. परिणामांचा विचार करा! उद्गारचिन्ह मूळ नावातलंच आहे. लेखिका दोन : डोरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स.

यात राक्षस नाहीत, भुयारं नाहीत, तलवारीही नाहीत. हेलन रॉजर्स नावाची तरुणी आहे आणि तिच्यापुढे दोन पुरुष आहेत, जेड आणि साँडर्स. लग्न कोणाशी करायचं, की करायचंच नाही? निर्णय वाचकाने घ्यायचा आणि सांगितलेल्या क्रमांकाचा परिच्छेद शोधायचा. हेलनची गोष्ट संपली की जेडची सुरू होते, मग साँडर्सची. हेलनच्या जागी बसून जो माणूस तुम्ही नाकारलात, त्याच्याच डोक्यात शिरून पुन्हा निर्णय घ्यायचे. तिन्ही मिळून चाळीसहून जास्त शेवट आहेत आणि त्यातले बरेच अजिबात सुखाचे नाहीत.

हे सुचलं कुठून, याचा धागा मला त्यांच्या आधीच्या पुस्तकात दिसतो. १९२७ साली या दोघींनी ‘आय हॅव गॉट युअर नंबर!’ हे स्वभाव ओळखण्याचं पुस्तक काढलं होतं. प्रश्नांना हो-नाही उत्तरं द्यायची, आणि उत्तरांच्या जुळणीवरून आपलं वर्णन वाचायचं. मासिकांत ‘तुम्ही कसे आहात?’ छापाच्या प्रश्नावल्या येतात, तसंच. ‘तुमचं उत्तर काय, त्यावर तुमचं पान ठरेल’ ही यंत्रणा त्यांच्या हाताशी तयार होती. तीन वर्षांनी तीत त्यांनी माणसं घातली.

या पुस्तकाची परंपरा मात्र काही झाली नाही. पुढे ज्यांनी अशी पुस्तकं लिहिली त्यांच्या हकिगतीत या दोघींचं नाव येत नाही. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं : प्रत्येकाने चाक स्वतःच शोधलं, आणि आधी कोणी शोधलंय याचा कोणालाच पत्ता नव्हता. म्हणून ‘पहिला कोण’ या प्रश्नावर वाद घालण्यात मला फारसा रस नाही. एकच गोष्ट इतक्या वेगवेगळ्या लोकांना, इतक्या वेगवेगळ्या कारणांसाठी का लागली, हे जास्त मजेशीर आहे.

मग बोर्खेसचं नाव का घेतलं जातं?

कारण त्यांनी असं पुस्तक लिहिलं नाही, पण त्याचं परीक्षण लिहिलं! अर्जेंटिनाचे होर्हे लुईस बोर्खेस यांनी १९४१ साली हर्बर्ट क्वेन या काल्पनिक लेखकाच्या साहित्याची ‘समीक्षा’ केली. क्वेनची एक कादंबरी उलटी फुटते. पहिल्या प्रकरणात रेल्वेच्या फलाटावरचं संभाषण, मग आदल्या संध्याकाळी काय घडलं असेल याच्या तीन शक्यता, आणि त्या प्रत्येकीच्या आदल्या दिवसाच्या आणखी तीन. एकूण १३ प्रकरणं, नऊ कादंबऱ्या. इथे वाचक काहीच निवडत नाही. फाटे भूतकाळाला फुटतात, भविष्याला नाही. त्याच वर्षीच्या ‘फुटणाऱ्या वाटांची बाग’ या कथेत अशी कादंबरी आहे की तिच्यातला माणूस समोरच्या सगळ्याच शक्यता एकदम निवडतो.

कल्पना म्हणून बोर्खेस सगळ्यांच्या पुढे आहेत. पण अख्खं पुस्तक लिहिण्याचे कष्ट कशाला घ्या, त्याचा सारांश दिला की काम झालं, असं त्यांचं मत होतं. प्रत्यक्ष पानं जुळवण्याची हमाली दुसऱ्यांनी केली.

अभ्यासाच्या पुस्तकांचा याच्याशी काय संबंध?

बराच, आणि तो सहसा कोणी सांगत नाही म्हणून इथे जरा थांबतो.

१९५०च्या दशकात अमेरिकेत ‘शिकवणारी यंत्रं’ हा परवलीचा शब्द होता. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचं म्हणणं असं की धडा इतक्या बारीक पायऱ्यांत तोडा की विद्यार्थ्याचं उत्तर शक्यतो चुकूच नये. वाट एकच, सरळ. अमेरिकी हवाई दलासाठी प्रशिक्षणावर काम केलेल्या नॉर्मन क्राउडर यांना हे पटलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतला बिघाड शोधायला शिकणारा माणूस चुकणारच, आणि कुठे चुकला यावरूनच त्याला काय समजलं नाही ते कळतं.

क्राउडरचा उपाय साधा होता. पानभर समजावून सांगायचं, खाली प्रश्न, प्रश्नाला तीन-चार उत्तरं आणि प्रत्येक उत्तरासमोर पान क्रमांक. बरोबर उत्तराच्या पानावर पुढचा धडा. चुकीच्या उत्तराच्या पानावर ‘तुम्ही बहुधा असा विचार केलात, पण त्यात अमुक राहून गेलं’ असं समजावणं आणि परत मूळ पानावर जाण्याची सूचना. म्हणजे प्रत्येक चुकीला स्वतःचं पान! यासाठी यंत्रही होतं, पण यंत्र महाग आणि पुस्तक स्वस्त. १९५८पासून डबलडे प्रकाशनाने ‘ट्यूटरटेक्स्ट’ ही मालिका काढली. तीत गणित होतं, संगणकाचं अंकगणित होतं, पत्त्यांतलं ब्रिजसुद्धा होतं.

यातलं एखादं पुस्तक आज उघडलं तर चाळीस वर्षांपूर्वी वाचलेल्या साहसकथेची आठवण यावी इतका सांगाडा सारखा आहे. फरक एवढाच, की इथे चुकीच्या पानावर मगर नसते, मास्तर असतात. मला विचाराल तर क्राउडरचे मास्तर जास्त दयाळू होते. चुकलात तर परत जाऊ द्यायचे.

वाटाण्यांची गोष्ट ती कोणती?

फ्रेंच लेखक रेमों क्नो यांची. १९६० साली त्यांनी आणि गणिताचे जाणकार फ्राँस्वा ल लिओने यांनी ‘उलिपो’ नावाचा गट काढला. साहित्याला गणिती बंधनं घालून काय निघतं ते पाहायचं, हा त्यांचा उद्योग. १९६१ साली क्नो यांनी दहा सुनीतं अशी छापली की प्रत्येक ओळ वेगळी कापलेली. कुठल्याही सुनीताची कुठलीही ओळ दुसऱ्यात त्याच जागी बसते. दहा सुनीतं, चौदा ओळी, म्हणजे दहाचा चौदावा घात : एकावर चौदा शून्यं इतक्या कविता.

१९६७ची त्यांची ‘तुमच्या मर्जीची गोष्ट’ मात्र जेमतेम दोन-तीन पानांची, २१ तुकड्यांची. पहिल्याच तुकड्यात प्रश्न येतो : तीन तरतरीत वाटाण्यांची गोष्ट ऐकायची आहे का? नको असेल तर तीन उंच सडपातळ काठ्यांची ऐकाल? तीही नको? मग तीन मध्यम, सामान्य झुडपांची? तिसऱ्यांदाही नाही म्हटलंत की थेट २१व्या तुकड्यावर, आणि तिथे गोष्ट संपते. सुरू न होताच!

यंत्राला द्यायच्या सूचनांची आणि क्राउडरसारख्या पाठ्यपुस्तकांची पद्धत त्यामागे असल्याचं उलिपोवाल्यांनी लपवलेलं नाही. ती पद्धत किती कोरडी आहे हे ओळखून क्नो यांनी तिचीच गंमत केली. झोपताना आजीला ‘ही नको, दुसरी’ म्हणून छळणाऱ्या नातवंडांना ही गोष्ट लगेच कळेल.

प्रकरणं हवी तशी वाचायची कादंबरी यात धरायची का?

मी धरत नाही. हुलिओ कोर्तासार यांची ‘रायुएला’ १९६३ची. नावाचा अर्थ आपला ठिकरीचा खेळ. १५५ प्रकरणं, ५६पर्यंत सरळ वाचून थांबा, किंवा ७३व्या प्रकरणापासून सुरू करून लेखकाने दिलेल्या तक्त्याप्रमाणे उड्या मारा. उड्या आहेत, पण त्या लेखकाने आखलेल्या. मार्क सापोर्ता यांनी १९६२ साली १५० सुटी पानं पत्त्यांसारखी पिसून वाचायला दिली, ती तर नशिबाचीच गोष्ट. कथेच्या आतून आलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन वाट ठरवायची, हे या दोन्हींत नाही.

‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ कसं सुरू झालं?

झोपायच्या वेळेला. एडवर्ड पॅकर्ड हे पेशाने वकील. ते आपल्या मुलींना रात्री गोष्टी सांगत. एकदा गोष्टीतला नायक बेटावर अडकला आणि बाबांना पुढे काही सुचेना. त्यांनी मुलींनाच विचारलं, ‘तुम्ही काय कराल?’ दोघींनी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. घरोघरी घडणारा प्रसंग. फरक इतकाच, की या बाबांनी १९६९ साली त्यावरून पुस्तक लिहून काढलं.

प्रकाशकांनी नकार दिला. एकाने नव्हे, अनेकांनी. हस्तलिखित काही वर्षं पडून राहिलं. १९७६ साली व्हरमाँटमधल्या व्हरमाँट क्रॉसरोड्स प्रेस या छोट्याशा प्रकाशनाने ते काढलं, ‘शुगरकेन आयलंड’. तिथले आर. ए. माँटगोमेरी यांनी आधी शिक्षणासाठी भूमिका घेऊन खेळायचे खेळ रचले होते, त्यामुळे हा काय प्रकार आहे ते त्यांना पहिल्या वाचनात कळलं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःही समुद्राखालच्या प्रवासाचं एक पुस्तक लिहिलं.

१९७९ साली बँटम या मोठ्या प्रकाशनाने ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ या नावाने मालिका सुरू केली. पहिलं पुस्तक पॅकर्ड यांचं ‘द केव्ह ऑफ टाइम’ : मामा-काकांच्या गुराढोरांच्या रानाजवळ सापडलेली गुहा, आणि आत गेलं की कुठल्या काळात बाहेर पडाल याचा नेम नाही. चाळीस शेवट. १९९८पर्यंत मालिकेत १८४ पुस्तकं निघाली आणि जगभरात २५ कोटींहून जास्त प्रती खपल्या.

एक बदल इथे लक्षात घ्या. हेलनचं काय करायचं ते वाचक बाहेरून ठरवत होता. पॅकर्डच्या पुस्तकात हेलन नाही, ‘तू’ आहेस. मेलास तर तूच मेलास. शेवट वाईट आला तर दोष लेखकाला देता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठा मान कोण देतं?

मधल्या काळात दुसरं कोणी करत नव्हतं का?

होतं. १९६९ साली डेनिस गेरिये आणि जोन रिचर्ड्स यांच्या ‘स्टेट ऑफ इमर्जन्सी’त वाचक आफ्रिकेतल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या एका काल्पनिक देशाचा प्रमुख होतो. ते मोठ्यांसाठी होतं आणि विषय भलताच गंभीर. ब्रिटनमध्ये १९७२पासून ‘ट्रॅकर’ नावाची मुलांची मालिका आली. आणि १९७६ साली, ‘शुगरकेन आयलंड’च्याच वर्षी, ॲरिझोनात रिक लूमिस यांनी ‘बफेलो कॅसल’ काढलं. ते फाशांच्या भूमिकाखेळाचं एकट्याने खेळायचं पुस्तक. असे खेळ खेळायला चार मित्र लागतात, आणि चार मित्र दर रविवारी जमत नाहीत. पुस्तकाने ती अडचण सोडवली.

‘फायटिंग फँटसी’ ही फाशांची मालिका वेगळी कशी?

ऑगस्ट १९८२, ब्रिटन. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन, दोघेही गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या संस्थापकांपैकी. पफिन प्रकाशनाने त्यांचं ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ छापलं, या मालिकेतलं पहिलं पुस्तक. डोंगराखालच्या भुयारात मधोमध नदी आहे. नदीपर्यंतचा भाग लिव्हिंगस्टन यांनी लिहिला, पलीकडचा जॅक्सन यांनी, आणि मग दोघांचे नियम एकसारखे करावे लागले.

सोबत दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर लागतो. सुरुवातीला फासे टाकून तुमचं कौशल्य, दम आणि नशीब यांचे आकडे ठरतात, आणि लढाई त्यांवर चालते. पॅकर्डच्या पुस्तकात तुम्ही चुकीच्या निर्णयाने मरता. इथे बरोबर निर्णय घेऊनही वाईट फाशाने मरता. ४०० परिच्छेद आहेत, पण खजिन्याची पेटी उघडायला योग्य तीन किल्ल्या हव्यात. किल्ल्यांवर आकडे कोरलेले आहेत. निवडलेल्या तीन किल्ल्यांच्या आकड्यांची बेरीज जिथे नेईल तो परिच्छेद उघडायचा. किल्ल्या न शोधताच वाचणाऱ्याला बेरीज कुठून येणार? पुस्तकाने घातलेलं हे कुलूप मला आजही फार हुशारीचं वाटतं.

जाता जाता एक गोंधळ मिटवतो. स्टीव्ह जॅक्सन याच नावाचे दुसरे एक अमेरिकी खेळरचनाकार आहेत, आणि या मालिकेतली तीन पुस्तकं त्यांनी लिहिली आहेत. मुखपृष्ठावर नाव सारखंच. ग्रंथपालांची काय त्रेधा उडाली असेल!

प्रत्येक फाट्यावर गोष्ट खरंच वेगळी होते का?

हिशोब करून बघा. दर पानाला दोन वाटा, आणि अशा दहा पायऱ्या. दहाव्या पायरीवर १,०२४ शेवट होतात आणि एकूण पानं लागतात २,०४७. वाचक त्यातली वाचतो अकरा. एवढं कोण छापणार?

म्हणून लेखक दोनपैकी एक करतो. काही वाटा लवकर मारतो, त्यामुळेच या पुस्तकांत माणसं पटापट मरतात. लेखक दुष्ट नसतो, त्याच्याकडे पानं कमी असतात. किंवा दोन वाटा पुढे गुपचूप एकत्र आणतो : पुलावरून गेलात काय, नावेतून गेलात काय, पोचता त्याच वाड्यापाशी. वेब्स्टर-हॉपकिन्स यांच्यापासून सगळ्यांनी याच्याशी झटापट केली आहे. बँटमच्या मालिकेतही नंतरच्या पुस्तकांत शेवट कमी झाले आणि वाटा लांबल्या.

मागच्या पानात बोट ठेवून वाचणं ही लबाडी आहे का?

मग आम्ही सगळेच लबाड. एक बोट गुहेच्या तोंडाशी, दुसरं पुलावर, तिसरं भुताच्या खोलीत, आणि अंगठ्याने पुढचं पान. माझ्या मते असं वाचणं लेखकाने गृहीतच धरलं पाहिजे. पॅकर्ड यांनी ते धरलं होतं. त्यांच्या १९८२च्या ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’मध्ये अल्टिमा नावाच्या स्वर्गीय ग्रहाचा शोध आहे, आणि तिथे नेणारी एकही वाट पुस्तकात नाही. सगळे फाटे तपासा, त्या पानाचा क्रमांक कुठेच दिलेला नाही. नियम मोडून नुसती पानं चाळणाऱ्यालाच तो ग्रह सापडतो, आणि तिथे त्याचं अभिनंदन केलेलं आहे.

हे संगणकाच्या खेळांवरून आलं ना?

नाही. शब्दांत खेळायचा गुहांचा प्रसिद्ध खेळ विल क्राउदर यांनी १९७६च्या सुमारास लिहिला. हेलन तोवर ४६ वर्षांची झाली होती.

आपल्याकडे असं काही होतं का?

फाट्यांची कथा म्हणून नाही, पण वाचकाच्या हातांनी चालणारा मजकूर होता. तुलसीदासांच्या रामचरितमानसाच्या पोथीत रामशलाका प्रश्नावली असते. १५ गुणिले १५, म्हणजे २२५ घरं, प्रत्येकात एक अक्षर. मनात प्रश्न धरून एका घरावर बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर लिहीत जायचं. २५ अक्षरांची चौपाई तयार होते आणि तिच्यावरून कौल समजतो. कुठूनही सुरुवात करा, नऊपैकीच एक चौपाई मिळणार. वाटा पुन्हा एकत्र आणायची युक्ती इथेही आहे, आणि काय चोख!

वेताळपंचविशीचं नाव बरेच जण सुचवतात. वेताळ प्रश्न विचारतो हे खरं, पण उत्तर विक्रम देतो, आपण नाही. आणि उत्तर काहीही असो, प्रेत परत झाडावरच.

मराठीत अशी गोष्ट लिहायची तर अडचण काय?

क्रियापद! इंग्रजीतल्या ‘यू’ला लिंग नाही. त्या पुस्तकांतल्या चित्रांत बहुधा मुलगाच दिसायचा, पण निदान वाक्यं तरी मुलींनाही चालायची. मराठीत ‘तू गुहेत शिरलास’ लिहिलं की अर्धे वाचक बाहेर, ‘शिरलीस’ लिहिलं की उरलेले. ‘तुम्ही शिरलात’ दोघांनाही चालतं, पण दहा वर्षांच्या पोराला अहो-जाहो केलं की साहस जाऊन सरकारी सूचना वाचल्यासारखं वाटतं.

मी एकदा वहीत प्रयत्न केला. भविष्यकाळ चालतो : ‘तू शिरशील.’ कर्म असलेली भूतकाळाची वाक्यं चालतात, कारण क्रियापद कर्माच्या मागे जातं : ‘तू दार उघडलंस’, ‘तू मशाल उचललीस’. म्हणजे माझा नायक, किंवा नायिका, दारं उघडू शकत होती, वस्तू उचलू शकत होती, पण घाबरणं, पडणं, पळणं तिला जमेना. अस्वल समोर येऊनही ती व्याकरणापायी जागची हलेना.

शेवटी वाक्प्रचार धावून आले. ‘घाबरलास-घाबरलीस’ऐवजी ‘तुझी पाचावर धारण बसली’. ‘पळालास-पळालीस’ऐवजी ‘तू धूम ठोकलीस’. धूम स्त्रीलिंगी, ठोकणारं कोणीही असो. अस्वल तिथेच राहिलं, आणि पान १२ला जायचं की १९ला हे मुलगा-मुलगी दोघांनाही विचारता आलं.